सोफ्याचा निर्णय

कामावरून येऊन तोंडाला साबण फासलेला असताना बापाला आपली घरातली किंमत कळली. मोरीच्या दारापलीकडे पंधरा वर्षांची लेक फोनवर मैत्रिणीशी बोलत होती.

"जुना सोफा माझ्या खोलीत हवा होता गं. आईचा नकार. बाबांना? त्यांना विचारून काय उपयोग? ते आमच्याकडचा पंखा. गरगर फिरतात, बटण आईकडे."

बाप बंदरावर क्रेन चालवायचा. ट्रकभर ओझं बोटावर उचलणारा गडी, आणि घरात पंखा. डोळ्यांत साबण गेला तरी तो तसाच बाहेर आला.

"सोफा तुझ्या खोलीत जाणार. आत्ता."

"आई बाजारातून आली की विचारू या ना."

"मी काय मेलोय?"

लेकीने मुकाट्याने एक टोक धरलं. बाप खोलीत शिरून ओढू लागला, ती बाहेरून ढकलू लागली. सोफा अर्धा आत आला आणि अडेल बैलासारखा दारातच बसला. बाप आत कोंडला.

"तिरका करा, बाबा."

"मला शिकवू नकोस. कंटेनर चढवतो मी."

त्याने खांदा लावला. सोफा तसाच राहिला, चौकटीची पट्टी मात्र उखडून हातात आली.

क्रेनवरच्या सोबत्याला बोलवावं म्हणून त्याने खिशात हात घातला. निघाला लेकीचा फोन. दोन दिवस दुरुस्तीला पडला होता, आज येताना त्यानेच दुकानातून आणला होता. द्यायचा राहिला होता. त्याचा स्वतःचा चार्जिंग संपून दुपारपासून बंद, बाहेर टेबलावर; बायकोचा बायकोजवळ.

मग मघाशी ही बोलत कुणाशी होती?

तेवढ्यात कडी वाजली. सोफ्यावरून बायकोचं डोकं दिसलं.

"अहो, हे काय? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

लेक पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती. बापाने हिशेब केला. मालक म्हणून शिव्या खाव्यात, की माकड म्हणून सुटावं?

"माझ्या," तो म्हणाला. "या घरात काही गोष्टी मी ठरवतो."

"मी नको म्हणत होते, आई," लेक म्हणाली.

"कळतंय. आता पाय काढा त्याचे, नाहीतर रात्रभर बसा आत."

लेकीने खिशातून पाना काढला. तो आधीपासूनच खिशात होता. चार पाय निघाले, सोफा सुळकन आत गेला. बाप डोळे चोळत बाहेर आला.

"साबण गेलाय," तो बायकोला म्हणाला.

लेक सोफ्यावर मांडी घालून बसली आणि हात पुढे केला.

"बाबा, माझा फोन आणलात ना?"