निरोगी गटातला माणूस

आजारी माणूस कुठंही भेटतो. निरोगी माणूस मात्र शोधून आणावा लागतो.

किडनीचा कॅन्सर नुसत्या रक्तावरून, अगदी सुरुवातीलाच ओळखायचा, असं एका प्रयोगशाळेनं ठरवलं. विचार थोर होता. किडनी फार सोशिक. दुखत नाही, खुपत नाही, कुरकुर करत नाही (म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नाही; घरोघरी हेच चालतं). पण गाठ झाली की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते मोजायचं. आता वाढलं म्हणजे कुणापेक्षा वाढलं? अमुक मर्यादेच्या वर गेलं की आजार; ती मर्यादा ठरवायला निरोगी गट हवा.

बोलावलेल्यांतले अर्धे म्हणाले, "मला काही झालेलंच नाही, मी कशाला येऊ?" उरलेले आले, पण कुणाला गुडघे, कुणाला पित्त, कुणाला सासरा. शेवटी एक जण कमी पडला. तेव्हा रक्त काढणाऱ्या सुईदादानं स्वतःचीच बाही वर केली. दिवसभर लोकांना "काही दुखत नाही हो" सांगणारा माणूस निरोगीच असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

निकाल आला. सुईदादाचं प्रथिन बाकीच्यांच्या चौपट.

बैठक बसली. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. "हा कुठल्या गटात आहे?"

"निरोगी, साहेब."

"मग निरोगीच आहे. मर्यादा चुकलीय."

आणि मर्यादा उचलून सुईदादाच्या वर नेऊन ठेवली. तपासणी शंभर टक्के यशस्वी झाली. एकही निरोगी माणूस आजारी ठरला नाही. (आजारीसुद्धा फारसे ठरले नाहीत, पण तो वेगळा विषय, त्याला वेगळी समिती.) मशीन गावोगावी गेलं.

सुईदादानं हा किस्सा घरी हसत हसत सांगितला. बायको हसली नाही.

"साहेबांचं राहू द्या. रक्त तुमचंच होतं ना?"

"अगं, पण मी निरोगी गटात आहे."

"गटाला किडनी असते का हो?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला ओढतच सोनोग्राफीला नेलं.

"काय त्रास होतोय?" सोनोग्राफीवाल्या बाईंनी विचारलं.

"मला काही नाही. हिलाच माझा त्रास आहे."

बाई हसल्या. पोटावर गार जेल लावून, स्वतःच्या लेकीच्या शाळेच्या गप्पा मारत यंत्र फिरवू लागल्या. डावीकडे आल्यावर गप्पा थांबल्या. सुईदादानं बायकोचा हात धरला. लग्नाच्या फोटोनंतर पहिल्यांदाच.

गाठ बोराएवढी होती. ऑपरेशन करून वेळेत काढली.

साहेब फुलं घेऊन भेटायला आले. "बघा, आपल्या तपासणीचं यश!"

"साहेब, तपासणीनं मला निरोगी ठरवलं होतं."

"आणि आता आहातच की! आम्ही फक्त लवकर ओळखलं."

"मग ती मर्यादा आता खाली आणायची ना?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "तुम्ही आराम करा."

तर सुईदादाची गाठ गेली. मशीनमध्ये ती अजून आहे.

तुमचाही रिपोर्ट नॉर्मल आला असेल. अभिनंदन. नीट जपून ठेवा. फक्त न हसणारं कुणी तुमच्या घरात आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या.