हमीच्या चपला

सोमाजी गुरुजींनी समजावलं की दगडालाही समजतं, असं गावात सगळे म्हणत. म्हणजे, सुरुवात गुरुजींनीच केली होती. पण आता सगळे म्हणत!

म्हणूनच सरपंच बुधरीबाई त्या दुपारी गुरुजींच्या अंगणात आल्या. बरोबर जंगू होता, चेहरा करपलेल्या भाकरीसारखा.

"गुरुजी, उद्या खाणीचे दिनेश साहेब येऊन राह्यले," बुधरीबाई म्हणाल्या. "गावानं 'काम झालं' असं लिहून द्यावं म्हणते कंपनी. पण ते हमीचं कोणाच्याच डोक्यात शिरून नाई राह्यलं."

"अन् माही धानाची बांदी खाणीच्या खालीच हाये जी!" जंगू म्हणाला. "वर झाडं नाई जगली, त एका पावसात सारा मुरूम माह्या धानात!"

गुरुजी हसले. सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण असं हसल्यावर त्यांच्या हातात खडू दिसायला लागायचा.

"जंगू, सोपं हाये. खाण खोदायच्या आधीच कंपनीनं सरकारजवळ हमी म्हणून रक्कम ठेवली. खाण संपली की खड्डा बुजवा, माती टाका, झाडं जगवा. नाई केलं, त सरकार त्याच पैशानं करून घेईन. केलं, त रक्कम परत. आता झाडं त मी रस्त्यावरून पाह्यली. हिरवीगार! आज पोट्ट्यायले शिकवतो, पोट्टे घरी सांगतीन, सकाळी गाव तयार! तू तुह्या बांदीची काळजी सोड."

आणि गुरुजी शाळेच्या मागच्या पटांगणात निघाले.

"आज आपण खाण खाण खेळायचं!" त्यांनी जाहीर केलं. "ज्याले खड्डा खोदायचा, त्यानं आधी आपल्या चपला मयुरीजवळ ठेवायच्या. हमी! खड्डा बुजवून, वर रोप लावलं, की चपला परत."

मयुरी म्हणजे पाचवीतली पोरगी, पण कडकपणात तहसीलदार! तिनं चपलांचा ढीग केला आणि त्यावरच बसली. पोरांनी पटांगणाची चाळण केली. मग बुजवाबुजवी झाली, रोपं आली. सगळ्यांत आधी विक्की ओरडला, "माहं झालं!"

खड्डा बुजलेला, वर ऐटीत उभं हिरवं झाड. गुरुजींनी ते दोन बोटांनी धरून वर ओढलं. हातात आली करंजीची फांदी! खाली मूळ नाही, काही नाही.

"पोट्टेहो, पाहून घ्या," गुरुजींचा आवाज चढला. "हिरवं दिसते म्हणून मान्य करायचं नाई! ओढून पाहायचं! अन् मूळ असलं तरी रोप जगल्याशिवाय हमी सुटत नाई!"

"रोप कधी जगन जी?" एका पोरानं विचारलं.

"दिवाळीपर्यंत समजते."

गुरुजी बोलून गेले. मयुरीनं ऐकून घेतलं. चपला दिवाळीपर्यंत अडकल्या!

संध्याकाळी गुरुजींच्या दारात अनवाणी पोरं आणि त्यांच्या चिडलेल्या आया जमल्या.

"गुरुजी, नवी चप्पल होती! मार्कंड्याच्या जत्रेतली!"

"पोरगं काट्यात चालते, अन् तुमी हमी घेऊन राह्यले?"

"बाई, हे शिक्षण हाये!" गुरुजी ठाम होते. "चपला सोडा म्हणून मयुरीले सांगा."

आयांनी मयुरीला सांगून पाहिलं. मयुरी म्हणाली, "दिवाळीले या." आया हात हलवत परतल्या, पण हमी म्हणजे काय, हे त्या रात्री घराघरांत पाठ झालं.

सकाळी सगळं गाव खाणीच्या जागेवर. दिनेश साहेब गॉगल लावून आले. बुजवलेल्या उतारावर झाडांच्या रांगा शाळेच्या कवायतीसारख्या उभ्या होत्या. गुरुजींचा ऊर भरून आला.

"वा साहेब! असं काम पाह्यजे!" त्यांनी खिशातलं पेन काढलं. "बुधरीबाई, पहिली सही माही."

"गुरुजी," मागून मयुरीचा आवाज आला, "ओढून पाह्यलं काय जी?"

"अरे, पाहा ना बेटा, पाहा! साहेबायचं काम पक्कं हाये!"

"नको नको!" साहेब दचकले. "झाडं लहान आहेत, दुखावतील!"

तोवर विक्कीनं एक ओढलंही होतं. मुळ्यासारखं अलगद वर आलं. करंजीची फांदी! त्यानं दुसरं ओढलं. फांदी! मग काय विचारता! अनवाणी पोरांची फौज उतारावर पसरली आणि बघता बघता सगळं जंगल पोरांच्या काखेत आलं.

"गुरुजी!" विक्की अभिमानानं ओरडला. "साहेबानं माह्यासारखंच केलं!"

"आमच्या माणसानं काल घाईत..." साहेब चाचरले. "पण आता आलोच आहोत, तर सही तेवढी..."

विक्कीनं आपले धुळीनं भरलेले पाय पुढे केले. "साहेब, माही चप्पल नाई सुटली, तुमची रक्कम कशी सुटन?"

गाव खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्यानं जंगू. बुधरीबाई पदर खोचून म्हणाल्या, "साहेब, मुळावाली झाडं लावा. पाऊस पिऊन जगली की गाव सही देईन. तोवर चहा देतो, तो प्या."

गुरुजींनी पेन हळूच खिशात सरकवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पाह्यलं? मी मुद्दामच पोट्ट्यायच्या हातून करवलं!"

पोरं जयजयकार करत पुढे पळाली. गुरुजी सगळ्यांचे नमस्कार घेत, रमतगमत घरी पोचले, दारात चपला काढल्या आणि परसात गेले. तिथे त्यांची बायको गुणाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं परवाच लावलेली वांग्याची आणि मिरचीची रोपं कोणीतरी उपटून ओळीनं मांडलेली होती. एकूण एक! शेजारी मयुरी आणि विक्की आनंदानं उभे.

"गुरुजी, सगळी ओढून पाह्यली!" मयुरी म्हणाली. "सगळ्यायले मूळ हाये! तुमी पास!"

दगडालाही समजावणारे गुरुजी गुणाबाईला समजवायला लागले, "अवं, हे शिक्षण हाये..." गुणाबाई तडक दारात गेली, त्यांच्या चपला उचलल्या आणि मयुरीच्या हातात दिल्या.

"ठेव वं पोरी ढिगावर. गुरुजी आता हे सगळं परत लावतीन, पाणी घालतीन."

"अन् कधी द्यायच्या जी काकू?"

"वांगं लागल्यावर!"

तेव्हापासून गुरुजी अनवाणीच फिरतात. कोणी विचारलं तर म्हणतात, मातीला पाय लागले की तब्येत चांगली राहते. फक्त विक्की बाजूला असला, की तेवढं म्हणत नाहीत.