साक्षीला गर्गजी

"आई, बाबा ती गोळी रोज घ्यायचे ना?" जयंतनं दारातूनच विचारलं. बूट अजून पायातच होते.

गुरुग्रामहून दर रविवारी दिल्लीतल्या द्वारकेला आईच्या हातचं वरण-भात खायला येणारा हा मुलगा त्या दिवशी फोनमध्ये बातमी घेऊन आला होता. श्यामकांतरावांना मधुमेहावर जी गोळी होती, तिच्यामुळे मूत्राशयाचा कॅन्सर होत असावा असा संशय होता, आणि परदेशात लोकांनी कंपनीवर दावे ठोकले होते. श्यामकांतराव त्याच कॅन्सरनं वैशाखात गेले होते.

"घ्यायचे म्हणजे? मीच देत होते की," कुमुद म्हणाली, आणि आपलंच वाक्य कानावर पडल्यावर मटकन खाली बसली.

खरंच तीच द्यायची. नवरा सकाळी पार्कात निघाला की मोडाच्या मुगाचा डबा त्याच्या हातात आणि कागदाच्या पुडीतली गोळी सदऱ्याच्या खिशात. फेऱ्या झाल्या की बाकावर बसून आधी गोळी, मग मूग. एवढं करून साखर उतरेना, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी हुज्जत घालून डोससुद्धा तिनंच वाढवून घेतला होता. शेजारणी तिला सावित्री म्हणायच्या. या सावित्रीनं रोज खिशात काय घातलं होतं, ते आता कळलं.

जयंतला यातलं काही दिसलं नाही. "केस बिल्कुल स्ट्राँग आहे, आई," तो म्हणाला आणि तिला वकिलाकडे घेऊन गेला.

वकीलसाहेब मात्र सावध निघाले. एक तर गोळीचा दोष अजून सिद्ध नाही, डॉक्टरांतच दोन तट आहेत. दुसरं, औषध दवाखान्यातून फुकट मिळालेलं. मग तुम्ही ग्राहक की नाही, इथूनच ग्राहक आयोगात भांडण सुरू होणार. "और सबसे पहले," ते म्हणाले, "ये साबित करना होगा कि गोली खाई थी. कौन खिलाता था?"

"मैं," कुमुद खालमानेनं म्हणाली. "मैंने ही दी. डोस भी मैंने बढ़वाया."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "बहनजी, आप मुलज़िम नहीं हैं. केस आप कर रही हैं."

तरी ती हुंदके देतच राहिली. शेवटी ठरलं की घरच्या माणसाच्या शब्दाला वजन नाही. बाहेरचा साक्षीदार हवा. ज्यानं गोळी तोंडात जाताना रोज पाहिली, असा माणूस एकच होता. गर्गजी.

गर्गजींचं कोपऱ्यावर मिठाईचं दुकान. श्यामकांतरावांच्या शेजारी त्याच बाकावर त्यांनी कितीतरी सकाळी काढल्या होत्या. मायलेकरांना पाहून ते गल्ल्यावरून उठले, खुर्च्या पुसल्या, आणि साक्षीचं नाव निघताच परत बसले.

"भाभीजी, हमें कचहरी में मत घसीटिए."

"अंकल, फक्त इतकंच सांगायचं, की गोली मुँह में जाते देखी," जयंत घाईत निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलून गेला.

"देखी तो है, बेटा."

"बस, एवढंच!"

"रोज देखी है." गर्गजींनी मान खाली घातली. "अपने ही मुँह में."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना साखर निघाली, त्याच वर्षी मुलीचं लग्न जमत होतं. हलवायालाच मधुमेह, हे गावभर झालं असतं तर सोयरीक गेली असती आणि गिऱ्हाईकही. डॉक्टरकडे जायची सोय नाही, केमिस्ट ओळखीचा. श्यामकांतरावांना गोळीचा आधीपासून कंटाळा. त्यांनी आपली पुडी पुढे केली. बदल्यात रोज दोन गरम इमरत्या.

"आणि मूग?" कुमुदनं क्षीण आवाजात विचारलं.

"वो भी हम ही खाते थे, भाभीजी. नींबू बहुत सही डालती थीं आप."

"डोस वाढवला तेव्हा?"

"उस महीने बड़े चक्कर आए."

जयंतनं कपाळावर हात मारला. "गेली केस! आई, बाबांनी तुला इतकी वर्षं उल्लू बनवलं, यार!"

कुमुद पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता कधी रडू फुटलं, तिचं तिलाही कळलं नाही. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. "बनवलं तर बनवलं रे," ती म्हणाली. "माझ्या हातून नाही गेले ते. माझ्या हातून नाही."

छातीवरचा धोंडा उतरला, आणि लगेच दुसरंच दुखायला लागलं. सात जन्म भांडायला पुरेल असा विषय आयता हाती आला होता, आणि भांडायला माणूस नव्हता. चोरून इमरती खाऊन घरी यायचे आणि वर म्हणायचे, "आज मूग जरा कडक होते हं." एकदा, फक्त एकदाच, तिला त्यांच्यावर ओरडायला मिळायला हवं होतं.

इकडे गर्गजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. बातमीचा अर्थ त्यांना आत्ता लागला होता. "भाभीजी, तो फिर हमारा क्या होगा? वो तो हम अब भी खाते हैं. उत्तम नगर से लाते हैं, वहाँ कोई पहचानता नहीं."

"मनानं बंद करायची नाही," कुमुद मराठीतच दटावून म्हणाली, आणि गर्गजींना ते नीट कळलं. "डॉक्टर ठरवतील. घरी सांगा."

"घर पर? भाभीजी, बहू की ज़बान…"

मग काय, तीच घेऊन गेली. खाजगी दवाखान्यात लघवी झाली, रक्त झालं, सोनोग्राफी झाली. प्रत्येक वेळी गर्गजी आत आणि कुमुद बाहेर, मांडीवर त्यांची टोपी घेऊन. श्यामकांतरावांच्या वेळी याच तपासण्या झाल्या होत्या. तेव्हा मांडीवर त्यांचा चष्मा होता.

तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद उलटेपालटे केले. भीतीचं काही दिसत नाही, गोळी बदलून देते, अधूनमधून तपासत राहू, म्हणाल्या. मग मान वर करून कौतुकानं म्हणाल्या, "इतने साल की शुगर, और किडनी, आँखें, सब बढ़िया! दवा एक दिन भी नहीं छोड़ी होगी. किसी ने बहुत ध्यान रखा है आपका."

गर्गजींनी कुमुदकडे पाहिलं. कुमुदचे डोळे घळाघळा वाहत होते. पदर शोधत होती, तो सापडत नव्हता.

डॉक्टरीणबाई टेबलावरून पुढे वाकल्या आणि तिच्या हातावर थोपटून म्हणाल्या, "रोइए मत, माताजी. आपके मिस्टर को कुछ नहीं होगा."

गर्गजींनी काही सांगायला तोंड उघडलं. कुमुदनं त्यांची टोपी त्यांच्या हातात दिली.

"जी," ती म्हणाली, "अच्छा हुआ."