हे आपल्याकडचं नाही

माने सरांनी ती उत्तरपत्रिका गठ्ठ्यातून बाजूला काढली तो मे महिन्यातला बुधवार होता. आम्ही अकराला चहा घेतला, एकला डबे उघडले, साडेपाचला गठ्ठे परत केले आणि घरी गेलो. त्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या औंधकडच्या एका मुलीचं शिक्षण संपलं. आम्हाला ते नंतर कळलं.

माने सर इंग्रजीचे प्राध्यापक. मीही इंग्रजीचाच. आमची कॉलेजं वेगळी होती, पण विद्यापीठाचे पेपर तपासायला दर वर्षी सांगलीतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये आमची टेबलं शेजारी यायची. उत्तरपत्रिकेवरच्या आसन क्रमांकावर स्टिकर चिकटवलेला असतो. पेपर कोणाचा, कुठल्या गावचा, हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. माने सरांना हा स्टिकर म्हणजे स्वतःला दिलेलं आव्हान वाटायचं. पहिलं पान उलटायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि निकाल द्यायचे.

"कुलकर्णी, हा साताऱ्याचा. लिहून देतो."

"कशावरून?"

"प्रश्न काय हाय? निसर्गकविता. ह्यानं शेवटी काय लिवलंय? देशासाठी प्राण देणारे वीर. ह्याचा चुलता नाहीतर मामा मिलिटरीत हाय. आणि समास बघा. पट्टीनं दोन्ही बाजूनं आखलाय. भरतीच्या मैदानात पळून आलेलं पोरगं हाय हे."

वाईचा विद्यार्थी त्यांना प्रस्तावनेवरून कळायचा. दोन पानं झाली तरी त्याचं उत्तर सुरू झालेलं नसायचं. मी वाईचा, हे त्यांना माहीत होतं. "तुमच्या गावात माणूस प्रस्तावनेतच म्हातारा होतो," असं ते मला दर वर्षी ऐकवायचे. सांगलीतला विद्यार्थी गाईड जसंच्या तसं उतरवतो, 'वरील आकृती पहा' हे वाक्यसुद्धा, आकृती न काढता. कुपवाडचा रात्रपाळी करून परीक्षेला येतो, म्हणून त्याचं अक्षर दुसऱ्या तासाला ओळीवरून खाली घसरतं. आणि आष्ट्याचा विद्यार्थी परीक्षकाशी गप्पा मारतो. "हे बघा," असं म्हणून ते वाचून दाखवायचे, "लिहिलंय, सर, ही गोष्ट आम्हाला शिकवलीच नाही, तरी प्रयत्न करतो. हा माझ्या गावचा. आमी असंच बोलतो."

ते स्वतः आष्ट्याजवळचे होते.

आम्ही सगळे हसायचो. मे महिन्यात पत्र्याखाली बसून दिवसाला चाळीस पेपर तपासणाऱ्या माणसांना हसायला काहीतरी लागतं. त्यांचे अंदाज खरे असतात की नाही, हे कोणी पाहत नव्हतं. एका वर्षी निकाल लागून गेल्यावर मी तिथल्या क्लार्ककडून काही नंबर गुपचूप जुळवून घेतले. सांगू नये ते त्याने सांगितलं. निम्म्याहून जास्त अंदाज चुकले होते. ज्याला सरांनी 'साताऱ्याचा फौजी' ठरवलं होतं ती सांगलीतल्या कापडदुकानदाराची मुलगी निघाली.

मी सरांना सांगितलं. त्यांनी डब्यातली भाकरी मोडली आणि म्हणाले, "मग तिचा आजा मिलिटरीत असणार. विचारून घ्या."

विचारून घ्या म्हणजे विषय संपला. मी विचारलं नाही. मी फारसं काही विचारत नसे.

विद्यार्थ्यांबद्दल बोलताना ते नेहमी 'आपली पोरं' म्हणायचे, आणि त्यात माया किती आणि तिरस्कार किती, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. आपली पोरं वर्गात पहिल्या बाकावर बसत नाहीत. आपली पोरं प्रश्न कळला नाही तरी मान हलवतात. आपल्या पोरांना इंग्रजी वाचता येतं, कळत नाही. कळलं तर बोलता येत नाही. बोलता आलं तर ती आपली राहत नाहीत. ही वाक्यं ते टाळ्या मिळवण्यासाठी म्हणायचे आणि मिळवायचे.

त्यांच्या तरुणपणी पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजात त्यांची मुलाखत झाली होती. ती ते नक्कल करून सांगायचे. समोरच्या बाईंनी विद्यापीठाचं नाव ऐकलं, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, तुमच्याकडची मुलं फार प्रामाणिक असतात हो. नोकरी दुसऱ्याला दिली. "प्रामाणिक म्हणजे काय, कळलं का कुलकर्णी? म्हणजे बिनडोक. पुण्यात तसं तोंडावर बोलत न्हाईत." मग स्वतःच हसायचे. तीस वर्षं ते ही गोष्ट सांगत होते आणि तीस वर्षांत त्या बाईंच्या मानेचा कोन बदलला नव्हता.

त्या बुधवारी त्यांनी एक पेपर वाचला, परत पहिल्यापासून वाचला आणि माझ्याकडे सरकवला. प्रश्न शोकांतिकेवरचा होता. पंधरा गुणांचा. इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: नायक पडतो तेव्हा आपण त्याच्यासाठी रडत नाही. त्याच्या जागी आपण नाही म्हणून आपल्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटल्याची लाज वाटून आपण रडतो.

"हे आपल्याकडचं नाही," सर म्हणाले.

"कुठून तरी पाठ केलं असेल," मी म्हणालो.

"पाठ केलेलं इतकं सरळ येत न्हाई. हे समोर ठेवून उतरवलंय. लिहून देतो."

आणि या वेळी त्यांनी खरोखर लिहून दिलं. गैरप्रकाराच्या संशयाचा एक छापील फॉर्म असतो. त्यात 'मूळ स्रोत' असा एक रकाना आहे. तो त्यांनी कोरा ठेवला. खाली दुसऱ्या परीक्षकाची सही लागते. ती मी केली. उत्तर मला आवडलं होतं, हे मी कोणाला बोललो नाही.

जुलैमध्ये विद्यापीठात चौकशी झाली. आम्हा दोघांना बोलावलं होतं. मुलीचं नाव रूपाली. बरोबर वडील होते, लष्करातून निवृत्त झालेले. इस्त्रीचे कपडे, आणि खुर्ची दिली तरी उभेच. समितीच्या अध्यक्षांनी तिला सांगितलं, तेच वाक्य इंग्रजीत बोलून दाखव.

तिने वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, लिवताना येतं. बोलताना न्हाई येत."

समितीतले दोघे एकमेकांकडे पाहून हसले. माने सर हसले नाहीत, पण त्यांनी 'सांगितलं होतं ना' अशी मान हलवली. मला ती मान आठवते.

"साहेब," वडील म्हणाले, "ती म्हणती तिनं लिवलंय, तर तिनंच लिवलंय. पण तुमची ऑर्डर काय असंल ती सांगा. आमी ऑर्डर मानतो."

ऑर्डर निघाली. परीक्षा रद्द. वडिलांनी कागद चार घड्या करून खिशात ठेवला, आम्हाला सगळ्यांना नमस्कार केला आणि मुलीला घेऊन गेले. कोणी वकील आणला नाही, कोणी पुढे दाद मागितली नाही. फौजी घरातली माणसं हुकूम मानतात, हा माने सरांचा एक अंदाज होता. तो तेवढा खरा निघाला.

त्यानंतर माने सरांचा नवाच छंद सुरू झाला. फॉर्ममधला कोरा रकाना त्यांना खुपत होता. ती ओळ कुठून उतरवली ते शोधायचंच. सांगली, मिरज, कराड, सातारा, जिथे जातील तिथे ते एसटी स्टँडजवळच्या दुकानांतून इंग्रजीची गाईडं घ्यायचे. जुनी, नवी, कुठल्याही विद्यापीठाची. दुकानदार विचारायचा, नात कितवीला आहे. सर सांगायचे, एम.ए.ला आहे, दर वर्षी नापास होते.

मला अधूनमधून फोन यायचा.

"सापडलं का?" मी विचारायचो.

"सापडंल. गुगलला पण टाकलं. गुगल म्हणतंय, तुम्हाला असं म्हणायचं आहे का? आन् भलतंच काहीतरी दाखवतंय. त्याला पण आपली पोरं कळत न्हाईत."

पहिल्या वर्षी आवाजात जोर होता. दुसऱ्या वर्षी ते निवृत्त झाले आणि फोन वाढले. घरी ते एकटेच होते. पत्नी आधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या वर्षी एका दुपारी ते माझ्या घरी आले, सोफ्यावर बसले, पाणी प्यायले.

"कुलकर्णी, हे कुठंच न्हाई."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"मी सगळं वाचलं. जे काय छापलंय ते सगळं. हे कुणीच लिवलेलं न्हाई. म्हंजी तिनं लिवलं." मग म्हणाले, "तुम्हाला तवाच माहीत होतं?"

"वाटलं होतं," मी म्हणालो.

"मग बोलला का न्हाई?"

मी रिकामा पेला उचलून आत नेऊन ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

औंधला जाऊन त्यांनी पत्ता काढला. रूपाली कुपवाडला मावशीकडे राहत होती आणि तिथल्या एका कारखान्यात नटबोल्टच्या पॅकिंगला होती. आम्ही दोघं पाळी सुटायच्या वेळी दुपारी गेटसमोर जाऊन उभे राहिलो. गाड्यांवरून माणसं बाहेर पडत होती. ती चालत आली. सर पुढे झाले.

"ओळखलं का?"

"व्हय. तुमी खिडकीकडच्या खुर्चीत हुता."

"तक्रार मी केली होती."

"म्हायती हाय."

सरांनी काहीतरी तयार करून आणलं होतं. ते त्यांना आठवेना. तिनेच विचारलं, "सर, तुमी पेपर पुरा वाचला हुता का?"

"दोनदा वाचला."

"मग बरं. मला वाटायचं, न वाचताच बाजूला टाकला." तिने ओढणीने हात पुसले. हाताला तेलाचा वास होता. "मार्क किती पडलं असतं?"

"चौदा."

"पंधरापैकी? मग एक कुठं कापला?"

तीन वर्षं गाईडं वाचणारा तो माणूस गेटसमोर उभा राहून परीक्षक झाला. "शेवट घाईत केलाय," ते म्हणाले. "मुद्दा चांगला हाय, पण अर्ध्यात सोडलाय."

"घंटा झाली हुती, सर."

"हां. मग चौदाच."

ती हसली. सरांना हसू आलं नाही. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी. मला असं एक वाक्य कधी लिवता आलं न्हाई. मला जमलं न्हाई म्हणून मी ठरवलं, आपल्याकडं कुणालाच जमत नसंल. माझं चुकलं, बाळ."

शेजारून कुणीतरी तिला हाक मारली. तिने हातानेच थांब म्हटलं.

सरांनी अर्ज पुढे केला. तक्रार चुकीची होती, उत्तर विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेलं आहे, परीक्षा रद्द केल्याचा आदेश मागे घ्यावा. संमती म्हणून तिचीही सही हवी होती. तिने अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"मी परत परीक्षेला बसनार न्हाई, सर. आता सांगून ठेवते. मला जमायचं न्हाई."

"नको बसू."

"पण मीच लिवलंय, एवढं कागदावर येऊ द्या. बाबांना दाखवायचंय. ते तवापासनं काय बोललं न्हाईत. विचारलंसुद्धा न्हाई कवा, की खरंच तू लिवलं का म्हणून."

तिने सही केली.

अर्ज घेऊन सर विद्यापीठात वर्षभर खेटे घालत होते. परीक्षा विभागात त्यांना सांगण्यात आलं की तक्रार करायचा फॉर्म आहे, मागे घ्यायचा नाही. मग सांगितलं, समितीची मुदत संपली, नवी समिती बसेल तेव्हा बघू. एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, सर, तुमचं तिच्याशी नातं काय? सर म्हणाले, मी परीक्षक. अधिकारी म्हणाला, मग तुम्हाला काय पडलंय?

हे सांगताना त्यांनी नक्कल केली नाही. पुण्याच्या बाईंची गोष्टही ते आता सांगत नसत. विद्यार्थ्यांची गावं ओळखणं तर कधीच सुटलं होतं. कोणी 'आपली पोरं' म्हटलं की ते विचारायचे, कुठली?

मागच्या पौषात माने सर गेले. सकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा कळलं. अंत्यविधीला फारसं कोणी नव्हतं. रूपाली आणि तिचे वडील आले होते. वडील सर्वांत मागे उभे होते. निघताना ते माझ्याजवळ आले. "सर," म्हणाले, "तो कागद कवा येईल?"

"येईल," मी म्हणालो.

नवी समिती या उन्हाळ्यात बसली. अर्जदार मृत असल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे, असं पत्र दुसरा परीक्षक म्हणून माझ्या पत्त्यावर आलं. मी माझ्या नावाने नवा अर्ज दिला आहे आणि तेव्हा तक्रारीच्या त्या फॉर्मवर सही करताना मला काय वाटत होतं, ते त्यात लिहिलं आहे. त्याची पोच मिळाली आहे. रूपालीच्या निकालपत्रावर अजून 'परीक्षा रद्द' असंच आहे.