हंड्यातलं शेवाळ

लोक शेजाऱ्याकडे विरजण मागतात. आमचे जनुभाऊ शेवाळ मागतात.

"सुमन, पायरी घासली नायस ना गो?" सकाळी सकाळी दारात हजर, हातात उलथणं! मी खराटा पाठीमागे लपवते. विहिरीचा कट्टा असो, टाकीची कड असो, कुठेही हिरवं दिसलं की हा माणूस खरवडून आणणार. अंगणात ड्रमच ड्रम. वास असा, की आमच्याकडचा पाहुणा चहा न घेताच उठतो.

रोह्याच्या कंपनीतून रिटायर झाले आणि मोबाईलवर हे खूळ सापडलं. डोंगरउतारावर त्यांचा एक तुकडा आहे. पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर नुसती वीट. त्या मातीवर भाऊ ड्रममधलं हिरवं पाणी शिंपडतात. "शेवाळ मातीला धरतं, माती पाण्याला धरते," हे त्यांनी रामवाडीच्या रिक्षावाल्याला ऐकवलंय, मांडवात नवरदेवालाही ऐकवलंय.

एकदा ड्रम फुटला म्हणून मी बिचारी माझी तांब्याची कळशी घेऊन धावले, तर माझ्यावरच खेकसले. "तांब्यात मरतंय ते! अक्कल हाय का?"

त्या तुकड्यावर भाऊंच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा वाल असतो. माहेरचा हंडा डोक्यावर घेऊन त्या दरवर्षी चढ चढायच्या, वालाला पाणी घालायच्या. दुसऱ्या भांड्याला हात लावतील तर शपथ! यंदा भाऊंनी तोच हंडा पळवला. तोंडाला फडकं बांधलं, माजघरात ठेवला आणि जाहीर केलं, "यात खास बियाणं हाय. हात लावायचा नाय."

वहिनी भडकल्या. "दुसरं भांडं नाय मिळालं या माणसाला? माझा वाल करपला ना, तर शेवाळाचीच भाजी वाढीन ताटात!"

मग रोज मलाच वर पिटाळायच्या. "बघून ये गो, जगलाय का?" मी मातीत बोट खुपसायची. वर हिरवट पापुद्रा, खाली गारवा. काही वेल वाळले, पण बाकीच्यांनी तग धरला. खरं सांगते, मलाच जास्त आनंद झाला.

पौषात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वहिनींच्या शेंगा. मडकं उपडं करून भोवती जाळ. मी मीठ आणायला माजघरात गेले. कोपऱ्यात हंडा. राहवेना. फडकं सोडलं.

आत नितळ पाणी. बियाणं नाही, शेवाळाचा ठिपका नाही. तांब्याचाच हंडा की तो!

मागे भाऊ उभे. चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"गप गो. तिला सांगू नको. गुडघे गेलेत तिचे. रात्री कण्हायची, सकाळी पुन्हा हंडा उचलायची. ऐकते का कुनाचं?"

मी सोडलेलं फडकं उचललं.

अंगणातून वहिनींची हाक आली. "शेंगा भरल्यात हो! आता तरी माझा हंडा द्या!"

"नाय!" भाऊ गरजले. "अजून धरलं नाय त्यात!"

मी फडकं पुन्हा बांधून दिलं. चांगली दुहेरी गाठ मारून.