जावयाच्या कानाची खोड

अंकुशरावांनी आयुष्यात कधी बाजाराच्या दिवशी बैल पसंत केला नव्हता. बाजाराच्या दिवशी बैल धुतलेला असतो, शिंगं साळलेली असतात, पोटात गूळ गेलेला असतो आणि खोड झुलीखाली झाकलेली असते. बैल बघायचा तर आडवारी, धन्याला न कळवता, गोठ्यात जाऊन. दुबलगुंडीपासून निर्ण्यापर्यंत त्यांची दलाली चालली ती या एका नेमावर.

जो नेम बैलाला तोच जावयाला. लेकीची, सुभद्रेची, तीन स्थळं त्यांनी अशीच अचानक जाऊन मोडली होती. निर्व्यसनी म्हणून सांगितलेला पहिला परसात विडी ओढताना सापडला. दुसरा दुपारपर्यंत झोपलेला होता. तिसरा काहीच करताना सापडला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल तर फारच संशय आला.

चौथं स्थळ बीदरचं होतं. मुलाचं नाव श्रीपत, कचेरीत कारकून, घरात एकटी आई. स्थळ आणलं होतं त्यांची बायको कमलबाई हिच्या भावानं, ज्ञानोबानं. बघण्याचा कार्यक्रम गुरुवारी ठरलेला, म्हणून अंकुशराव रविवारीच पटका बांधू लागले. तेव्हा सुभद्रा चुलीपुढून न उठता म्हणाली, "अप्पा, ह्याच्यात बी खोड काढून आलाव तर म्या पुन्हा कुणापुढं पोहे घेऊन बसायची न्हाई. तुमच्या बैलांचं शेण काढत इथंच ऱ्हाते."

ती हे रडून म्हणाली असती तर अंकुशरावांनी मनावर घेतलं नसतं. पण पोरगी शांतपणे बोलली होती आणि बोललेलं करण्यात ती बापावर गेली होती. तरीही नेम तो नेम. ते निघाले आणि त्यांच्या मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, कमलबाईही पायात चपला सरकवून निघाली.

बीदरला गल्लीतलं घर सापडलं तेव्हा दार उघडंच होतं. आत खुर्चीवर एक तरुण मुलगा डोळे मिटून बसला होता. दोन्ही कानांवर वाटीएवढाली काळी झाकणं, ती डोक्यावरच्या पट्टीनं जोडलेली, आणि त्यातून निघालेली जाड वायर टेबलावरच्या एका मोठ्या डब्यात गेलेली.

"श्रीपतराव हायत का?" अंकुशरावांनी हाक मारली.

मुलगा हलला नाही.

"अवो श्रीपतराव."

मुलानं नुसतं बोटानं मांडीवर ठोकलं. तिसरी हाक अंकुशरावांनी चुकलेल्या वासराला मारतात तशी मारली. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं, पण मुलगा मंद हसत तसाच बसून राहिला.

अंकुशरावांनी बायकोकडे पाहिलं. हुमनाबादच्या एका वकिलाच्या कानात त्यांनी असलं यंत्र पाहिलं होतं. वकिलाच्या कानातून बारीक तार निघायची आणि खिशातल्या काड्यापेटीएवढ्या डबीत जायची. एवढ्याशा डबीवर त्या वकिलाला निम्मंशिम्मं ऐकू यायचं. इथं तर दोन्ही कान झाकलेले आणि डबा टेबलभर.

"बहिरं हाय," ते कमलबाईच्या कानाशी म्हणाले. "ठार बहिरं. म्हणून तर ज्ञानोबा गुरुवारचा हट्ट धरायलाय. गुरुवारी हे काढून ठिवतील आन् पोराला नुसती मान हलवायला शिकवतील."

तेवढ्यात आतून मुलाची आई भागाबाई हात पुसत आली. पाहुणे ओळखून तिची धांदल उडाली. "बन्री, बन्री, या की अण्णा. कळवलं न्हाई काही न्हाई." तिनं जाऊन मुलाच्या खांद्याला हलवलं. मुलगा दचकून उठला, झाकणं उतरवली आणि लाजून वाकून नमस्कार केला.

अंकुशराव बसले. नजर त्या यंत्रावरून हटेना. ते शक्य तितक्या मोठ्यानं आणि सावकाश म्हणाले, "किती, दिवस, झाले, ह्याला?"

पाहुणे असे का ओरडतात ते श्रीपतला कळलं नाही, पण विषय त्याच्या आवडीचा निघाला. "वरीस झालं की, मामा. शेजारच्या मौलासाबचा पोरगा जेद्दाला हाय, त्यानं आणून दिला."

"पयल्यांदा कसं होतं?"

"पयल्यांदा लई मजा न्हवती. उजवीकडनं बरं यायचं, डावीकडचं जरा मागं पडल्यागत. बारीक आवाज तर यायचेच न्हाईत. मग हैदराबादला गेलो. तिथं एका माणसानं तपासलं आन् म्हणला, वायर बदल. ही वायर लावली, आन् घोंगडी काढून टाकल्यागत झालं बघा."

"आता किती येतं?"

"सगळं. ती बाई मधी श्वास घेते ना, त्यो बी ऐकू येतो."

"कोणची बाई?" कमलबाईनं ताबडतोब विचारलं.

"गाणारी, मामी."

अंकुशरावांना गाणारीशी कर्तव्य नव्हतं. ते मूळ मुद्द्यावर आले. "आन् हे काढल्यावर?"

"काढल्यावर काय ऐकू यायचं, मामा?" श्रीपत हसला. "काढलं की बंद."

भागाबाईनं त्यात आणखी भर घातली. "दिसभर लावूनच बसतंय बघा. जेवाय हाका मारून मारून माझा घसा बसतो. सोमवारी कचेरीत जातंय तवा कसं करतंय की."

अंकुशराव उठून उभे राहिले. "अक्का, गरिबी असली तर चालतंय. काळासावळा बी चालतंय. पर खोड आधी सांगायची असती. पोरगं बहिरं हाय हे गुरुवारी बी तुम्ही सांगणार न्हवताव."

मग श्रीपतला खदखदून हसू आलं आणि भागाबाईला राग आला. हा हेडफोन आहे, कानाचं औषध नव्हे, हे समजवायला बराच वेळ गेला. अंकुशराव शब्दावर विश्वासणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी श्रीपतला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मागून एका कानाशी चुटकी वाजवली, दुसऱ्या कानाशी वाजवली, दाराबाहेर जाऊन हळू आवाजात त्याच्या आजोळचं गाव विचारलं. श्रीपतनं गाव सांगितलं, वर मामांची नावंही सांगितली.

बहिरेपणा गेला. पण संशय असा एका दारानं गेला की दुसऱ्या दारानं येतो. अंकुशराव पुन्हा बसले आणि म्हणाले, "ज्याला चांगलं ऐकू येतंय त्याला हे कामून पायजे?"

हे श्रीपतला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तो खुलून बोलू लागला. जुनी वायर आणि नवी वायर यांत किती फरक आहे, जुन्या वायरीत तबल्याचा डग्गा कसा भिजल्यासारखा वाटतो, नव्या वायरीत तंबोरा कसा वेगळा निघून बसतो. बोलताना तो ती नवी वायर हातात धरून होता. रात्री ती धुवट कापडात गुंडाळून ठेवतो, असंही त्यानं सांगून टाकलं.

"माझ्या कानाला तर दोन्ही सारख्याच," भागाबाई म्हणाली. "कचेरीतले बी ह्याला हसतात."

"हसतीलच," अंकुशराव म्हणाले. आता त्यांना खरी खोड दिसू लागली. मुलगा बहिरा नव्हता, थापाड्या होता. "दावं बदलल्यानं बैल बदलतो व्हय? आण ते हिकडं. म्या पारखतो."

श्रीपतनं जुनी वायर जोडली आणि हेडफोन त्यांच्या पटक्याखालून नीट बसवला. अंकुशरावांनी डोळे मिटले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांचा चेहरा असाच होत असे.

"घशानं भारी हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले. "चाल चांगली हाय. पर डावीकडं काहीच न्हाई."

श्रीपतचा चेहरा उजळला. वर्षभरात जुन्या वायरीची डावी बाजू उणी आहे हे समजणारा पहिला माणूस त्याला भेटला होता. "बघ आई, मामाला कळलं. म्या म्हणत न्हवतो?" त्यानं घाईघाईनं वायर बदलली. "आता ऐका, मामा. आता डावीकडं तंबोरा."

अंकुशरावांनी ऐकलं. मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. मग हेडफोन उतरवून, चोर पकडल्यासारख्या समाधानानं ते म्हणाले, "हिच्यात बी डावीकडं काही न्हाई. अजिबात न्हाई. हैदराबादवाल्यानं तुला शेंडी लावली, पोरा."

श्रीपतनं हेडफोन आपल्या कानांना लावला. थोडं ऐकून त्यानं पाहुण्यांकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. भागाबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं हेडफोन ओढून घेतला, पदर सावरून डोक्यावर चढवला आणि म्हणाली, "येतंय की. हिकडनं बी येतंय, तिकडनं बी येतंय."

"कुठं येतंय?" अंकुशराव म्हणाले.

भागाबाईनं हेडफोन खाली ठेवला. तिच्या नजरेत काहीतरी बदललं. ती उठून हळूच अंकुशरावांच्या डाव्या अंगाला गेली आणि तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटली. अंकुशराव समोर बघत राहिले.

"म्या इचारलं, च्यात साखर किती घालू," भागाबाई आता त्यांच्या समोर येऊन म्हणाली. "अण्णा, हे जन्मापासनं हाय का मागनं झालं?"

"काय हाय?"

"कान. आन् तुमच्या वडलाला बी होतं का? पोरीला तर न्हाई ना? न्हाई म्हंजे, आधी सांगितलेलं बरं असतं. गुरुवारी पोरगी बघताना म्या डावीकडंच बसते."

इतकी वर्षं अंकुशराव दाव्याच्या ह्या टोकाला उभे राहिले होते. त्या टोकाला उभं राहिलं की कसं वाटतं ते त्यांना आज कळत होतं. डोळ्यांपुढे चुलीजवळची सुभद्रा आली. खोड आपण काढायची नव्हती, हे खरं. पण खोड आपलीच निघेल आणि ती पोरीच्या कपाळी बसेल, हे त्यांच्या सात पिढ्यांच्या संशयात बसलं नव्हतं.

"आई, थांब जरा," श्रीपत म्हणाला. तो यंत्राकडे वळला होता आणि आईकडे त्याची पाठ होती. अंकुशरावांना मात्र त्याचे हात दिसत होते. त्यानं नवी वायर हेडफोनात शिरते तिथं अंगठ्यात धरली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि भेंडीचं देठ मोडावं तशी कटकन वाकवली. मग हेडफोन आईकडे दिला. "आता ऐक."

भागाबाईनं ऐकलं. "अगं बाई. हिकडनं बंदच हाय की."

"सैल हाय ती. कधी येतंय, कधी जातंय. मामाच्या टायमाला बी गेलं असंल. आन् जुनी तर तशीच होती." श्रीपत वायर गुंडाळू लागला. त्याचे डोळे जरा ओले झाले होते. "मामाचं बराबर हाय. हैदराबादवाल्यानं शेंडीच लावली मला."

"आन् चा? म्या इचारलेलं?"

"तू तोंडात पदर धरून बोलतीस. मला तरी कुठं ऐकू आलं?"

खोटं ओळखणं हा अंकुशरावांचा धंदा होता. शिंगाला काजळ लावलेलं त्यांनी ओळखलं होतं, दात कानसलेले ओळखले होते. इतकं धडधडीत खोटं मात्र आजवर कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत बोललं नव्हतं. भरून आलं होतं ते लपवायला त्यांनी पटका पुन्हा घट्ट केला.

"अक्का," ते म्हणाले, "गुरुवारी येताव तेव्हा तारीख काढायला भटजीला बी घेऊन या. मला पोरगं पसंत हाय."

परतीच्या बसमध्ये कमलबाई खिडकीशी, त्यांच्या डाव्या अंगाला बसली. बऱ्याच वेळानं तिचे ओठ हलताना त्यांना दिसले. त्यांनी सवयीनं मान हलवली आणि मग एकदम तिच्याकडे वळले. "काय म्हणलीस?"

"म्हणलं, ज्ञानोबाला आता पुन्हा कळवायला नको."

"पुन्हा म्हंजे?"

"पोरगी दिली म्हणून मागच्या म्हैन्यातच कळवलंय. बघणं होईस्तोर तोंड उघडू नको म्हणलं त्याला. तुम्हाला इचारूनच कळवलं."

"मला कवा इचारलीस?"

"जेवताना. डावीकडं बसून. तुम्ही मान हलवलाव."

अंकुशराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. घरात आलेली शिलाईची मशीन त्यांना आठवली. मेहुणीचा महिनाभराचा मुक्काम आठवला. सुभद्रेला मॅट्रिकला बसवलेलं आठवलं. प्रत्येक वेळी कमलबाई म्हणायची, तुम्हीच तर व्हय म्हणलाव, आणि ते आपल्या विसराळूपणाला दोष देऊन गप्प बसायचे.

"माझ्या कानाचं तुला ठावं होतं?"

"लई वरसं झाली."

"मग सांगितलीस कामून न्हाई?"

"सांगितलं की," कमलबाई म्हणाली. "डावीकडनं."

अंकुशराव उठले. बस वळणावर असताना, दांड्याला धरून, बायकोला आपल्या जागेवर सरकवून ते स्वतः खिडकीशी जाऊन बसले. आता ती त्यांच्या उजव्या हाताला आली. त्यांनी पटका कानावरून वर सरकवला आणि म्हणाले, "आता बोल, काय बोलायचं ते."

"आता काय बोलू?" कमलबाई म्हणाली. "इचारायचं सगळं इचारून झालंय."