अण्णांची मदत

धाकट्या लेकीच्या जीपला अण्णांनी हात लावायचा नाही, असं घरात ठरून सहा महिने झाले होते. ठरवलं धाकटीने, मान डोलावली तिच्या आईने, आणि अण्णांनी ते ऐकलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात जीपच्या बॉनेटखालीच होते. "हात कुठे लावतोय? बघतोय नुसता," असं ते म्हणाले आणि तेव्हापासून ते बघतच होते. भांडून भांडून त्यांनी फक्त गाडी धुण्याची परवानगी मिळवली होती. रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन ते जीपभोवती तासभर काढत. हात न लावता गाडी धुतात कशी, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

अण्णा एकतीस वर्षं दगडखाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी आवळलेला नट सैल झाल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना अण्णा स्वतः ऐकवत. खाण बंद झाली, अण्णा घरी बसले आणि घरामागच्या शेडमध्ये धाकटीने आपलं गॅरेज काढलं. जुन्या फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्या दुरुस्त करायच्या, त्या डोंगरात चालतील अशा उंच आणि दणकट करायच्या, हे तिचं काम. हात इतका सफाईदार की अण्णांना तिच्या वेल्डिंगमध्ये खोट काढायला दोन दोन दिवस लागत, आणि तरीही ती निघत नसे.

पण दारात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारी. "अण्णा आहेत का?"

"अण्णा काम करत नाहीत. मी करते. बोला."

"असं होय. मग अण्णा असताना येतो."

 धाकटी पाना उचलून पुन्हा गाडीखाली जाई. अण्णांना याचं वाईट वाटे. थोडंसं बरंही वाटे, आणि बरं वाटतंय याचं पुन्हा फार वाईट वाटे.

अशात डोंगर बचाव पथकाने आपल्या तीन जुन्या गाड्यांची वर्षभराची देखभाल कुणाला तरी द्यायचं काढलं. शेवटी दोघं उरले, धाकटी आणि चौकातला काचवाला. काचवाला म्हणजे ज्याच्या गॅरेजला काचेचे दरवाजे होते तो. पथकाच्या प्रमुख बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं, "तुम्ही स्वतः बांधलेली गाडी आणा आणि बंद खाणीचा चढ चढून दाखवा. दोन प्रयत्न मिळतील. एकदा सुरुवात केली की गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. बाहेरची मदत घेतली तर बाद."

हे काम मिळालं तर दारात येणारा माणूस कुणाला विचारेल, हे घरात तिघांनाही कळत होतं. कुणी बोललं नाही. बोलले ते अण्णा, पण बाहेर. खाणीतल्या जुन्या सोबत्यांपैकी जो भेटेल त्याला त्यांनी आमंत्रण देऊन टाकलं.

त्या जीपचा अण्णांना अभिमान होता आणि तो त्यांच्या पोटात राहत नव्हता. भंगारात मिळाली तेव्हा तिला तळ नव्हता. आत बसलं की पाय जमिनीला टेकत. धाकटीने तिचा सांगाडा नवा जोडला, स्प्रिंगचे पाटे वाढवून तिला वीतभर उंच केलं, मागची दोन्ही चाकं गरज पडली तर एकाच जोराने फिरावीत म्हणून मागे लॉक बसवलं. अण्णांना एकच गोष्ट खटकत होती. पुढचे हब तिने भलत्याच कंपनीच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचे काढून बसवले होते.

हब म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मधोमध असणाऱ्या गोल चकत्या. गाडीतून उतरून त्या हाताने फिरवाव्या लागतात. एका बाजूला फिरवल्या की पुढची चाकं इंजिनाला जोडली जातात, दुसऱ्या बाजूला फिरवल्या की सुटी होतात. सुटी असली तर आत बसून फोर-व्हीलचा दांडा कितीही ओढा, पुढची चाकं नुसती सोबतीला येतात.

परीक्षेच्या सकाळी अण्णांनी जीप अशी घासली की आरशाऐवजी तिच्या दारात बघून दाढी करता आली असती. मग खाणीच्या वाटेवरच्या पहिल्याच डबक्यात ती चाकाच्या वरपर्यंत चिखलाने माखली. अण्णांना ते बघवेना, पण तसंही त्यांना फारसं दिसत नव्हतं, कारण चष्मा घरी बादलीजवळ राहिला होता.

चढाच्या पायथ्याशी दोरी बांधली होती. गाड्या दोरीच्या आत, माणसं बाहेर. प्रथमोपचाराची पेटी गळ्यात अडकवलेला पथकाचा एक स्वयंसेवक दोरीवर पहारा करत होता. धाकटी बाईंच्या टेबलाशी कागदावर सह्या करायला गेली. बाहेर खाणीतले दहाबारा जुने लोक जमले होते आणि त्यांच्यात अण्णांचा जानी दोस्त, खाणीचा स्टोअरकीपर होता. अण्णा त्याला गाडी समजावत होते.

"हे हब साध्या रस्त्यावर सुटे ठेवायचे. नाहीतर आतले दाते झिजतात. आपल्याला तर सवयच लागलेली. गाडी उभी दिसली की हात आपोआप जातो आणि हब सुटे..."

अण्णा तिथेच थांबले. सकाळी धुताना ओल्या बोटांखाली काहीतरी 'टक्' झालेलं त्यांना आठवलं. हाताने काम केलं होतं, डोक्याला कळवलं नव्हतं.

"काय झालं?" स्टोअरकीपरने विचारलं.

"मी सकाळी हब सोडले. आणि पोरगी तशीच चढणार."

"मग सांग तिला."

"सांगतो. आणि ती विचारेल, अण्णा, हात का लावलात? सगळ्यांसमोर विचारेल. तू एक काम कर, तू चक्कर येऊन पड."

"मी का पडू?"

"मी पडलो तर हब कोण फिरवणार?"

एवढं सरळ कारण मिळाल्यावर स्टोअरकीपरचा नाइलाज झाला. तो आधी जागा झटकून, मग हळूच खाली बसून आणि मग आडवा होऊन पडला. स्वयंसेवकाला सबंध वर्षात रुग्ण मिळाला नव्हता. तो अशा आनंदाने धावला की दोरी त्याच्यामागे हलत राहिली. अण्णा दोरीखालून आत शिरले.

डाव्या चाकाशी उकिडवे बसून त्यांनी चिखलात बोटं घातली. चकतीवरची खूण लागेना. त्यांनी ती उजवीकडे फिरवून पाहिली. चकती हलली नाही. एकतीस वर्षांच्या अनुभवाने अण्णांनी पळभर विचार केला आणि कारण त्यांच्या तत्काळ लक्षात आलं: भलत्या कंपनीचे हब, यांचं सगळं उलटं असणार. त्यांनी डावीकडे फिरवली. 'टक्' असा झकास आवाज आला. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं आणि ते गुडघे झटकत बाहेर आले. मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठ थोपटली. अजूनही पोरीला बापाची गरज लागते, असंही त्यांना वाटून गेलं, आणि ते वाटणं फार गोड होतं.

तोवर स्टोअरकीपर पट्ट्यांनी स्ट्रेचरला बांधला गेला होता. "आता मला बरं वाटतंय," तो म्हणत होता.

"सगळे असंच म्हणतात," स्वयंसेवक म्हणाला. "तुमचा रक्तदाब खरंच वाढलाय. हलू नका."

पहिली पाळी काचवाल्याची होती. त्याची गाडीही जुनीच, पण पुढची चाकं आत बसूनच जोडता यावीत म्हणून बटणं बसवलेली. त्याने एक बटण दाबलं आणि गाडी संथपणे, कुठेही न अडता वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही दोन वाजवल्या, मोठ्या मनाने.

मग धाकटी निघाली. निम्मा चढ जीप झोकात चढली. सुटी खडी लागली तिथे मागची चाकं गरगरा फिरू लागली, दगड मागे उडू लागले आणि जीप जागची हलेना. अण्णांनी डोळे बारीक करून पुढच्या चाकांकडे पाहिलं. पुढची चाकं ढिम्म उभी होती.

मग त्यांना सगळं एकदम कळलं. चकती उजवीकडे फिरली नाही, कारण ती उजवीकडेच होती. पोरीने इथे आल्या आल्या उतरून हब जोडले होते. कसे नाही जोडणार? ती कधी विसरली होती? ते सुटे केले अण्णांनी. चष्म्याशिवाय, दोरीखालून, एका म्हाताऱ्याला आडवा पाडून.

"झालं का नीट?" स्ट्रेचरवरून स्टोअरकीपरने विचारलं. अण्णांनी चिखलाचे हात पाठीमागे नेले. 

जीप सरळ मागे येत पायथ्याशी थांबली. धाकटीने खिडकीतून डोकं बाहेर काढून पुढच्या चाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाय खाली टाकायचा नव्हता. मग तिने दोरीबाहेर पाहिलं, तिथे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले अण्णा उभे होते. तिने डोकं आत घेतलं.

तिने जीप आणखी मागे नेली, पार डबक्यापर्यंत. मागचं लॉक टाकलं. या वेळी ती खडीवर गेलीच नाही. डावीकडे कड्याच्या अगदी काठाला उघड्या खडकाची अरुंद पट्टी होती, खाणीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसालाही तिथून गाडी नेण्याची छाती झाली नसती. वेग न मोडता, न वाढवता ती त्या पट्टीवरून गेली. एकदा पुढचं चाक हवेत गेलं तेव्हा अण्णांनी शेजारच्याचा दंड धरला. मग जीपची मागची बाजूही चढाच्या माथ्याआड झाली आणि वरून हॉर्न ऐकू आला.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात त्यांनी एवढी चांगली चालवलेली गाडी पाहिली नव्हती, आणि ती गाडी पोरीने आपल्या हातांनी बांधली होती.

धाकटी गाडी घेऊन खाली येईपर्यंत बाईंनी वहीत लिहून टाकलं होतं. "पहिली गाडी एका प्रयत्नात. दुसरी दोन प्रयत्नांत. म्हणजे काम..."

धाकटी जीपमधून उतरून अण्णांपाशी आली. "चष्मा कुठाय?" तिने हळूच विचारलं.

"घरी."

"असू दे. घरी बोलू." एवढं म्हणून ती दोरी गुंडाळायला लागली. ती कुणाला काही सांगणार नव्हती. अण्णाही गप्प राहिले असते तर ती गोष्ट तिथेच संपली असती, आणि ज्याचा नट कधी सैल झाला नाही असा फिटर म्हणून अण्णा ताठ मानेने घरी गेले असते.

"बाई, थांबा जरा," अण्णा म्हणाले. "ती गाडी दोन चाकांवर चढलीय."

बाईंनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"पुढचे हब सुटे आहेत. बघा तुम्ही."

बाई वाकल्या. अंगठ्याने चिखल पुसून त्यांनी दोन्ही चकत्या पाहिल्या. "कुणी सोडले?"

"मी."

"का?"

"जोडायला गेलो होतो," अण्णा म्हणाले. खाणीतले दहाबारा लोक कान देऊन ऐकत होते. कुणीतरी खोकलं. "उलटे फिरवले. तिने नीट जोडलेले होते. एकतीस वर्षं फिटर होतो मी, हेही लिहून घ्या."

काचवाला पुढे आला. "हे तर उघड उघड बाहेरची मदत झाली. नियमाने ती बाद."

बाईंनी नियमांचा कागद काढून पुन्हा वाचला. मग अण्णांकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं, स्ट्रेचरकडे पाहिलं. "नियमात मदत असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "याला मदत म्हणता येणार नाही. तुमचा एक प्रयत्न बाकी आहे ना? तुमचं ते बटण बंद करून या बरं वर."

काचवाला बटण बंद करून निघाला आणि खडीला लागताच अडकला. बराच वेळ धूळ उडाली. शेवटी धाकटीने हब जोडले, जीप वर नेली आणि त्याला टोचन लावून खाली आणलं. बाईंनी वहीतली ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. स्टोअरकीपरला सगळ्यात शेवटी सोडण्यात आलं.

पुढच्या आठवड्यात ही हकीकत गावभर झाली. स्टोअरकीपरने ती पसरवायला कष्ट घेतले. अण्णांनी तर त्याहून जास्त घेतले, कारण पोरीची बढाई मारायची तर स्वतःची फजिती आधी सांगावी लागे, आणि अण्णा दोन्ही सविस्तर सांगत.

एका सकाळी ते शेडच्या दारात फडकं पिळत बसले असताना जुनी, उंच गाडी घेऊन एक अनोळखी माणूस आला. काच खाली करून त्याने विचारलं, "ताई आहेत का?"

अण्णांचा हात क्षणभर थांबला. "आहेत. गाडीखाली आहेत. बसा."

"तुम्ही त्यांच्या मदतीला असता वाटतं?"

"नाही नाही," अण्णा म्हणाले, "मदतीची मला मनाई आहे. मी नुसता धुतो." मग त्यांनी मागे शेडकडे बघून आवाज जरा खाली आणला. "पण ती खाणीचा चढ दोन चाकांवर चढली ना, ती माझ्यामुळे."